लेथचा बेड ग्राइंडिंगला टाकू का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी पाथर्डी फाट्याला राहतो, सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) नोकरी करतो. गेल्या दिवाळीत बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधून साडेचार फुटी बटाला (पंजाबातल्या बटाल्याचा) लेथ, म्हणजे धातू फिरवत कातायचं मशीन, घेतला. पट्ट्यावर चालणारा आहे, चक (काम धरून फिरवणारा जबडा) आट्यांवर बसतो. घराच्या पार्किंगमध्ये चार लाकडी ओंडक्यांवर ठेवलाय. 30 मिमीचा बार चकमध्ये धरून, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) न लावता 150 मिमी टर्न केला, तर बाहेरचं टोक 0.08 मिमी जाड येतं. सगळे म्हणतात, बेड (ज्याच्या पट्ट्यांवर टूल सरकतं तो बिडाचा पाया) झिजलाय, घासून सपाट करायला ग्राइंडिंगला टाक. टाकू का? लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे, त्यावर मिलिमीटरचे आटे निघतील का? आणि पावसाळ्यात गंज कसा आवरायचा?

उत्तर : नका टाकू. तुमच्या पत्रातच त्याचं कारण आहे.

बेड झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक कामं आखूड असतात आणि सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) तिथेच फिरत राहतं. त्यातही आपल्या बाजूची पट्टी जास्त झिजते, कीस तिथे पडतो आणि कटचा दाबही तिथेच येतो. ती पट्टी खचली की सॅडल आपल्याकडे झुकतं, टूल कामापासून मागे सरतं, आणि काम चकजवळ जाड येतं. तुमचं जाड येतंय दुसऱ्या टोकाला. माझा संशय त्या ओंडक्यांवर आहे. आपल्याकडे आषाढात लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि चारही ओंडके सारखे फुगत नाहीत. बिडाचा बेड कितीही दणकट दिसो, एक पाय उचलला गेला की पिळतो.

हे मी इतक्या कळकळीने सांगतोय, कारण माझा पहिला लेथ मी असाच, न मोजता, ग्राइंडिंगला टाकला होता. बेड आरशासारखा होऊन आला. जोडायला घेतला तर सॅडल जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली बसलेलं. सॅडलबरोबर एप्रन (त्याचा पुढे लटकणारा भाग) खाली आला, हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभंग नट) लावला की लीड स्क्रू वाकायचा, फीड शाफ्ट जाम. टेलस्टॉकचा सेंटरही खाली गेलेला. शिम (पातळ पत्रे) घालत, उंचवटे दाखवणारं निळं लावून स्क्रॅपरने घासत ते सगळं जागेवर आणायला मला अख्खा हिवाळा लागला. ग्राइंडिंग करणाऱ्याने त्याचं काम चोखच केलं होतं, चूक माझी होती.

आता तुम्ही काय करायचं ते. ओंडके काढा. चॅनेलचा वेल्डिंग केलेला स्टँड घ्या, प्रत्येक पायाखाली उंची कमी-जास्त करता येईल असा बोल्ट हवा. मीटरला 0.02 मिमीचा फरक दाखवणारी लेव्हल कुणाकडून दोन दिवस मिळाली तर उत्तम; गवंड्याच्या लेव्हलचा इथे उपयोग नाही. नाहीच मिळाली, तर बारच मोजपट्टी समजा. शक्य तेवढा जाड बार घ्या, 40 मिमीचा मिळाला तर बरं, कारण बारीक बार कटच्या दाबाने लवतो आणि तोही बाहेरच जाड येतो. दोन टोकांना दोन कॉलर, म्हणजे जाड कडी, ठेवून मधला भाग खाली उतरवा. मग टूलला नवी धार लावून, क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर करणारा भाग) न हलवता, दोन्ही कॉलरवर एकच हलका कट घ्या, 0.1 मिमीच्या आत. मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर जाड असेल तर टेलस्टॉककडचा, आपल्या बाजूचा पाय किंचित उचला. पातळ असेल तर खाली घ्या. बोल्ट जरासा फिरवायचा, नट आवळायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. घाई करू नका, एक रविवार जाईल.

झीज किती आहे ते वेगळं बघा. सॅडलच्या गिब (सैलपणा काढणाऱ्या पट्ट्या) चकजवळ अशा आवळा की ते हाताने जेमतेम सरकेल. मग टेलस्टॉककडे न्या. तिथे घट्ट झालं तर चकजवळ झीज आहे. पण घरच्या कामाला थोडी झीज असलेला लेथ अनेक वर्षं सुखाने चालतो.

आट्यांचं सोपं आहे. पाच इंच म्हणजे बरोबर 127 मिमी, म्हणून 127 दात्यांचा गिअर चेंज गिअरच्या (लीड स्क्रूचा वेग ठरवणाऱ्या गिअरच्या) साखळीत बसवला की इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे नेमके निघतात. मात्र तो गिअर मोठा असतो, आधी तुमच्या ब्रॅकेटमध्ये मावतो का ते मोजा. आटे संपेपर्यंत हाफ नट उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवूनच परत आणायचं. तुमचा चक आट्यांवर आहे, तेव्हा उलट फिरवताना हळू. झटक्याने चक सुटून अंगावर येऊ शकतो.

गंजासाठी बेडला पॉलिश पेपर लावू नका. त्याची खर सॅडलखाली अडकते आणि बेडच खात बसते. रॉकेल, कॉटन वेस्ट आणि सपाट धरलेलं ब्लेड पुरतं. नंतर 68 नंबरचं स्लाइडवे ऑइल. मृगाच्या सरी आल्या की थंड बिडावर दमट हवेचं पाणी धरतं, म्हणून रात्री जाड चादर टाका, प्लॅस्टिक नको, त्याखाली घाम साचतो.

दोन्ही कॉलरची मापं आणि सॅडल कुठे घट्ट होतं ते लिहून पाठवा. तोवर ग्राइंडिंगवाल्याला थांबवून ठेवा.