म्युझिक थिअरीच्या पीएचडीला अमेरिकेत येण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तबल्यात विशारद झालंय, पियानोची ट्रिनिटीची आठवी ग्रेड आहे, बँडमध्ये मेटल वाजवतोस आणि आता फ्रेंच संगीतकार मेसियाँ नि स्वीडिश मेटल बँड मेशुगा यांच्या लयीवर इकडे पीएचडी करायचीय, तर त्यासाठी लोन काढून आधी मास्टर्स करू का आणि पुढे नोकरी लागते का.

लोनचं आधी सांगते, काढू नकोस. पीएचडीला घेतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात स्टायपेंड मिळतो, फंडिंग नसेल तर अ‍ॅडमिशन मिळाली तरी नाही म्हण. मास्टर्स काही ठिकाणी लागतं काही ठिकाणी नाही, पण तिथेही शिकवण्याच्या बदल्यात पैसे देणारी असिस्टंटशिप असेल तरच. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणजे कॅफेत राबून हप्ते फेडू वगैरे विसर.

मी पहिल्या वर्षी सगळीकडून रिजेक्ट झाले कारण मला हेच माहीत नव्हतं की इकडे म्युझिकॉलॉजी म्हणजे संगीताचा इतिहास, एथनोम्युझिकॉलॉजी म्हणजे वेगवेगळ्या समाजांतलं संगीत आणि थिअरी म्हणजे संगीताची रचना, ही तीन वेगळी घरं आहेत. थिअरीवाल्यांची स्वतःची सोसायटी 1977 पासून आहे, जर्नलं वेगळी, नोकऱ्यांच्या जाहिराती वेगळ्या. मी संगीतकाराचं चरित्र आणि काळ यावर वीस पानं लिहून पाठवली, त्यांना हवं होतं स्कोअरमध्ये, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीत, हात घालून केलेलं अ‍ॅनालिसिस.

दुसऱ्या वर्षी घेतलं, आणि आल्या आल्या डायग्नोस्टिक परीक्षेत आपटले. समोर फिगर्ड बास, म्हणजे नुसती खालची ओळ आणि तिच्याखाली आकडे, त्यावरून पियानोवर चार आवाज तिथल्या तिथे उभे करायचे. ग्रेडचे तीन पीसेस वर्षभर घोटून वाजवणारी मी, माझा डावा हात पहिल्या 6/5 या आकड्यांवरच थिजला. एक सेमिस्टर अठरा वर्षांच्या पोरांसोबत रेमेडियलला बसले. गंमत म्हणजे इअर ट्रेनिंगला सारेगम कामी आलं, सा हलता ठेवायची सवय असतेच आपल्याला, पण कुठलाच स्वर सा न मानणाऱ्या वेबर्न या संगीतकाराचं गायची वेळ आली आणि कुणीतरी मागून तानपुरा उचलून नेल्यासारखं झालं, सा नाहीच, नुसते 0 ते 11 आकडे. तेव्हा रोज अर्धा तास फिगर्ड बास आजपासून, खरंच आजपासून.

विषय मात्र तुझा भारी आहे. मेसियाँनं 1941 मध्ये ग्यॉर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजवलेलं ते चार वाद्यांचं क्वार्टेट घे, पहिल्या भागात पियानोला 17 मात्रामूल्यांची एक रांग आणि 29 कॉर्ड्सची दुसरी, दोन्ही आपापल्या गतीनं फिरतात, पुन्हा एकत्र यायला 493 कॉर्ड्स लागतील आणि तुकडा त्याच्या कितीतरी आधी संपतो. त्या 17 मध्ये रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन देशी ताल बसवलेत, शारंगदेवाच्या संगीतरत्नाकरातले, म्हणजे यादवांच्या देवगिरीतले! आमच्या शाळेची सहल दरवर्षी त्याच किल्ल्यावर जायची आणि कुणी सांगितलं नाही, ते मला अमेरिकेत कळलं. उलट मेशुगाचं बघ, झांज चारात सरळ चाललेली, खाली गिटार आणि किक ड्रम विषम लांबीचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, फिरवतात, आणि बऱ्याचदा आठ किंवा सोळा बार भरत आले की रिफचं शेपूट कापून समेवर येतात. पीसलॅक यांचा 2007 चा लेख आहे म्युझिक थिअरी स्पेक्ट्रममध्ये, तो वाच. एकाला समेची पर्वा नाही, दुसरा समेसाठी कात्री चालवतो, हा फरक तबलावाल्याला बसल्या बसल्या ऐकू येतो, तो मांड.

आणि दोन्हीकडे पाय ठेवलेला चालतो का, तर चालतो. थिअरीवाले जॉन कोव्हॅक यांनी हाउअर आणि शोनबर्ग या संगीतकारांच्या बारा स्वरांच्या पद्धतीवर काम केलं आणि प्रोग्रेसिव्ह रॉकवरही, वॉल्टर एव्हरेट यांनी बीटल्सवर दोन जाडजूड खंड लिहिले. पण तुला दर पार्टीत दर कमिटीत विचारतील की तू इंडियन म्युझिक का नाही करत. चिडू नकोस, उत्तर पाठ करून ठेव. मला पहिली दोन वर्षं राग यायचा, आता मी म्हणते माझ्या जर्मन मैत्रिणीला बाखबद्दल विचारता का.

नोकरी: जागा थोडक्या, जाहिराती पानगळीच्या दिवसात येतात, आणि बहुतेक जागा संशोधनाच्या नावाखाली पहिल्या दोन वर्षांची हार्मनी नि इअर ट्रेनिंग शिकवायच्या असतात. पॉप्युलर म्युझिकचा कोर्स घेता येतो हे सीव्हीवर असलं की वजन पडतं. आपला विषय स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणितात, मोडत नाही, त्यामुळे डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, बारा महिनेच, इंजिनिअर मित्रांचे तीन वर्षांचे हिशोब आपल्याला लावू नकोस. युनिव्हर्सिटीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीची अट नाही एवढाच दिलासा.

अर्जांच्या तारखा डिसेंबरच्या आसपास असतात. रायटिंग सॅम्पल मला पाठव, बघते, फक्त त्याआधी त्यातला 'हे सगळं आपल्याकडे हजारो वर्षांपासून होतंच' वाला परिच्छेद काढून टाक, असणारच आहे तो, माझ्यातही होता.