बीडब्ल्यूए कंपाइल होत नाही: शेवटची एरर सोड, पहिली बघ

लेकाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी याचा प्रश्न थोडक्यात सांगतो. गडी सांगलीत एमएस्सी बायोटेक करतोय, प्रोजेक्ट द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगावर. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोजच्या पोटात डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) आणि त्यात उबुंटू. सरांनी बीडब्ल्यूए ०.७.१७ (डीएनएचे वाचलेले छोटे तुकडे, म्हणजे रीड, संदर्भ जीनोमवर जुळवून बसवणारा प्रोग्राम) सोर्समधून कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला, सांगितलंय. आधी झेडलिब या लायब्ररीची 'झेडलिब डॉट एच' फाइल सापडेना. ते कसंबसं मिटलं, तर आता 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ आरएलई ऑक्सटॅब' म्हणून गाडी अडलीय. चार दिवस गेले, आणि थोरला भाऊ फोनवर म्हणतोय की तो नाद सोड, फळछाटणी सुरू आहे, बागेत ये.

जा की छाटणीला, पण उद्या. आजचं काम तासाभराचं आहे. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना तू अर्थातच इंग्रजीत करशील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नुसतं बीडब्ल्यूए चालवायचं असेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल बीडब्ल्यूए' म्हटलं की मिनिटात काम होतं. कोंडा हा पॅकेज मॅनेजर वापरत असशील तर बायोकोंडावरही तयार मिळतं. त्यात कमीपणा काही नाही. पण उद्या कुठल्या तरी संस्थेच्या सर्व्हरवर बसशील, तिथं सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काचा, पासवर्ड कुणी देत नाही, तेव्हा हे आलेलं बरं. म्हणून सरांचं मी चूक म्हणणार नाही.

आता कंपाइल म्हणजे नेमकं काय होतं ते बघ, म्हणजे दोन्ही एरर एकदम कळतील. तू सांगलीचा आहेस, हरिपूरची हळदीची पेवं ऐकून तरी असशील. २००५ च्या महापुरात त्यांची वाताहत झाली, पण त्याआधी पिढ्यान् पिढ्या हळद जमिनीखाली पेवात आणि व्यवहार वर पेढीवर, कागदावर. कंपाइलरचं काम पेढीवरच्या मुनीमासारखं. त्याला माल बघायचा नसतो, फक्त पावती बघायची असते. 'झेडलिब डॉट एच' ही हेडर फाइल म्हणजे ती पावती: अमुक नावाचं फंक्शन आहे, त्याला इतक्या गोष्टी द्यायच्या, ते हे परत देणार. मुनीम प्रत्येक सी फाइल पावत्यांवर विश्वास ठेवून पुरी करतो आणि तिची एक ऑब्जेक्ट फाइल करून ठेवतो. सगळ्यात शेवटी लिंकर येतो. हा पेव उघडणारा माणूस, याला खरी हळद लागते, म्हणजे लायब्ररी, फंक्शनांचा तयार कोड.

पावतीच नसेल तर मुनीम ओरडतो: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. पावती आहे आणि पेव रिकामं, तर लिंकर ओरडतो: 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. आणि एकाच मालावर दोन पेढ्यांनी मालकी सांगितली, की 'मल्टिपल डेफिनिशन'. एरर कुठल्याही सॉफ्टवेअरची असू दे, आधी ओरडणारा कोण ते ओळखायचं, मुनीम की पेववाला. उपाय तिथून ठरतो.

तुझी पहिली एरर मुनीमाची होती. तू लिहिलंस, 'झेडलिब तर आधीपासूनच इन्स्टॉल आहे असं उबुंटू सांगतंय, तरी सापडत नाही.' बरोबर सांगतंय ते. उबुंटूत एकाच लायब्ररीची दोन पॅकेज असतात. 'झेडलिब१जी' मध्ये फक्त माल, तयार प्रोग्राम चालवायला पुरेसा. हेडर फाइल असते 'झेडलिब१जी-डेव्ह' मध्ये. पुढं कधीही हेडर सापडत नाही म्हटलं की त्या लायब्ररीचं शेपटीला डेव्ह लावलेलं पॅकेज शोधायचं. कंपाइलर आणि मेक (कंपाइलची सगळी पावलं ओळीनं करून घेणारा प्रोग्राम) 'बिल्ड-इसेन्शियल' मधून येतात, ते तू घातलंच आहेस.

आता दुसरी. ही तुझी चूक नाहीच, काळाचा फरक आहे. बीडब्ल्यूए ०.७.१७ हे २०१७ चं. त्यातल्या 'आरएलई डॉट एच' या हेडरमध्ये एक ओळ आहे, 'कॉन्स्ट यूइंट८ टी आरएलई ऑक्सटॅब', पुढं चौकटी कंसात ८. हेडरमध्ये अशी ओळ उघडी ठेवली की जी जी सी फाइल तो हेडर ओढून घेते, तिच्यात त्या नावाची एकेक प्रत तयार होते. पूर्वी जीसीसी, म्हणजे उबुंटूतला सी कंपाइलर, या सगळ्या प्रती एकाच सामाईक खात्यात टाकायचा आणि लिंकर त्या एकच धरायचा. २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि त्यानं ही सवलत डीफॉल्टमधून काढली. कोड तोच राहिला, मुनीम कडक झाला. सरांनी त्यांच्या काळात जुन्या उबुंटूवर हेच व्हर्जन निमूट कंपाइल होताना पाहिलं असणार, म्हणून तुला सांगितलं.

उपाय तीन आहेत. सगळ्यात सरळ म्हणजे ०.७.१८ घे, त्यात हे दुरुस्त झालंय. सरांना ०.७.१७ च हवं असेल (जुन्या निकालांशी ताडून बघायचं असेल तर असू शकतं), तर त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला 'एक्स्टर्न' एवढा एक शब्द आणि मोकळी जागा टाक, सेव्ह कर, 'मेक क्लीन' आणि मग 'मेक'. एक्स्टर्नचा अर्थ, माल दुसरीकडं आहे, मी फक्त नाव घेतोय. मला स्वतःला हाच उपाय आवडतो, कारण काय बदललं ते डोळ्यांसमोर राहतं.

तिसरा उपाय नेटवर सगळीकडं दिसतो, मेकला सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या सूचनांच्या यादीत) 'एफकॉमन' द्यायचं, म्हणजे जुनी सवलत परत चालू. चालतो. पण यात एक मेख आहे, तीत मी स्वतः अडकलोय. मेकच्या ओळीवर सीफ्लॅग्ज दिलंस की मेकफाइलमधलं (मेक जिच्यावरून चालतो ती फाइल) मूळ सीफ्लॅग्ज पुसलं जातं, त्यात भर पडत नाही. मूळ ओळीत 'ओ२' असतं, म्हणजे कंपाइलरला कोड वेगवान कर म्हणून दिलेली सूचना. तू नुसतं एफकॉमन दिलंस तर ओ२ गेलं. प्रोग्राम बनतो, उत्तरंही बरोबर देतो, फक्त रखडत चालतो. माझ्या लक्षात यायला दोन आठवडे लागले, आणि तोवर मी दोष कॉम्प्युटरला देत होतो. तेव्हा एफकॉमन द्यायचंच असेल तर मेकफाइलमधली सीफ्लॅग्जची अख्खी ओळ उचल आणि तिच्या शेवटी ते जोड.

तुझ्या स्क्रीनशॉटबद्दल बोललंच पाहिजे. तू शेवटच्या दहा ओळी टाकल्यास. शेवटची ओळ नेहमी मेकची असते, 'एरर १' की काय ते, आणि तिच्यात काही नसतं. तू 'मेक -जे४' करतोयस, त्यामुळं चार फाइलींचं रडगाणं एकमेकांत मिसळतंय. काही अडलं की जे४ काढ, साधा मेक चालव, सगळं आउटपुट 'टी' कमांडनं एका फाइलीत घे आणि त्यात वरून खाली पहिल्यांदा 'एरर' शब्द कुठं येतो ते शोध. वॉर्निंग सोडून दे. जुन्या सी कोडवर नवा जीसीसी ढीगभर वॉर्निंग काढतो, एरवी गप्प बसेल तो कुठला.

आणि काम डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये करू नकोस. स्क्रीनशॉटमध्ये पाथ दिसला: विंडोजचा सी ड्राइव्ह, त्यात नावात दोन ठिकाणी मोकळी जागा असलेलं फोल्डर. मेक आणि कॉन्फिगर (काही सोर्समध्ये मेकच्या आधी चालवायची तयारीची स्क्रिप्ट) दोघांनाही नावातली मोकळी जागा पचत नाही. शिवाय डब्ल्यूएसएलमधून सी ड्राइव्हला हात घालणं फार संथ. उबुंटूच्या आपल्या होम फोल्डरमध्ये एकशब्दी नावाचं फोल्डर कर आणि टारबॉल (सोर्सची गाठोडं केलेली फाइल) तिथंच सोड. विंडोजमध्ये झिप उघडून, नोटपॅडमध्ये काही बदलून इकडं आणलंस तर ओळींच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून येऊ शकतं, आणि मग स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून हात वर करते.

पुढं सॅमटूल्स लागणारच, बीडब्ल्यूएचं आउटपुट सॉर्ट करायला. तिथं गिटहबच्या रिलीज पानावर दोन तऱ्हेच्या फाइली दिसतील. 'सोर्स कोड' नावाची झिप गिटहब आपोआप बनवतं, तिच्यात कॉन्फिगर स्क्रिप्टही नसते आणि सॅमटूल्स ज्या लायब्ररीवर चालतं ती एचटीएसलिबही नसते. सॅमटूल्सच्या नावानं असलेली, टार डॉट बीझेड२ वाली घे. डेव्ह पॅकेज लागतील ती बीझेड२, एलझेडएमए, कर्ल आणि एनकर्सेसची. एनकर्सेस नसेल तर कॉन्फिगरला 'विदाउट-कर्सेस' सांग, फक्त टीव्ह्यू (टर्मिनलमध्ये जुळणी दाखवणारी कमांड) बंद पडेल, तुला ते आत्ता लागत नाही.

कॉन्फिगरला 'प्रीफिक्स', म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, म्हणून तुझ्या होममधलं फोल्डर दे आणि 'सुडो मेक इन्स्टॉल' टाळ. हे पोटतिडकीनं सांगतोय. एका लॅबच्या कॉम्प्युटरवर मी उत्साहानं सुडो लावून एचटीएसलिब सिस्टिममध्ये घातलं आणि विसरलो. वर्षभरानं नवं सॅमटूल्स कंपाइल केलं, तर ते चालताना तीच जुनी एचटीएसलिब उचलायला लागलं. दिवसभर मी नव्या कोडमध्ये दोष शोधत बसलो. तेव्हापासून सवय लागली: 'सॅमटूल्स व्हर्जन' विचारलं की नुसती पहिली ओळ वाचायची नाही. पुढच्या ओळीत 'यूझिंग एचटीएसलिब' अमुक असं येतं, ते आपण घातलेलंच आहे का ते बघायचं. बीडब्ल्यूएला ही भानगड नाही, त्याच्या मेकफाइलमध्ये इन्स्टॉलच नाही. तयार झालेली एक फाइल होमच्या 'बिन' फोल्डरमध्ये टाकायची, टर्मिनल बंद करून परत उघडायचं आणि 'टाइप -ए बीडब्ल्यूए' म्हणायचं. दोन पाथ दिसले तर एपीटीवालं कुठलं आणि तुझं कुठलं ते लक्षात ठेव.

कंपाइल झालं म्हणजे झालं असं नाही, तपासून घे. सॅमटूल्सला 'मेक टेस्ट' आहे, बीडब्ल्यूएची परीक्षा आपणच घ्यायची. मी फायएक्स १७४ या विषाणूचा जीनोम वापरतो. एकूण ५३८६ अक्षरं, सँगरच्या गटानं १९७७ मध्ये वाचलेला, एनसीबीआय या अमेरिकेच्या सरकारी जनुकीय माहितीसाठ्यावर मिळतो. त्याचा इंडेक्स कर. मग १००१ व्या अक्षरापासून १०० अक्षरं कापून एका छोट्या फास्टा फाइलीत घाल आणि 'बीडब्ल्यूए मेम' ला दे. आउटपुटच्या ओळीत चौथ्या रकान्यात १००१ आणि सहाव्या रकान्यात १००एम आलं पाहिजे. तोच तुकडा उलटा, पूरक करून दिलास तर चौथा आणि सहावा रकाना तसेच राहतात, दुसऱ्या रकान्यात ० च्या जागी १६ येतं. आळस करून २५ अक्षरांचा तुकडा देऊ नकोस. मेम ३० पेक्षा कमी गुणांची जुळणी दाखवतच नाही, आणि तू उगाच कंपाइलला दोष देशील.

मेमरीचं. कुणीतरी तुला बीडब्ल्यूए-मेम२ वापर, ते जास्त वेगवान आहे, असं सुचवलंय. वेगवान आहेच. पण त्याचा इंडेक्स बनवायला संदर्भ जीनोमच्या साधारण २८ पट मेमरी लागते असं ते स्वतःच सांगतात. द्राक्षाचा जीनोम सुमारे ५० कोटी अक्षरांचा, म्हणजे १४ जीबीच्या आसपास. तुझ्याकडं ८, त्यातली साधारण निम्मीच डब्ल्यूएसएलला मिळते. जमणार नाही, सोड. साध्या बीडब्ल्यूएचा इंडेक्स मात्र चहा पिऊन येईपर्यंत होईल. ब्लास्ट (अनुक्रम शोधून जुळवणारा प्रोग्राम) कंपाइल करायच्या वाटेलाही जाऊ नकोस. ते अवाढव्य सी प्लस प्लस आहे, तासन् तास चालतं, आणि ८ जीबीवर जे४ केलंस तर मधेच 'किल्ड' म्हणून मरतं. एनसीबीआय तयार बायनरी देतं, ती घे.

आता खरं तर हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं. तू लिहिलंस, डाऊनी लागलेल्या आणि न लागलेल्या पानांची तुलना करायचीय. मग तुझ्या फास्टक्यू फाइलीतल्या रीड डीएनएच्या आहेत की आरएनएच्या? आरएनएच्या असतील तर बीडब्ल्यूए हे हत्यारच त्या कामाचं नाही. एमआरएनएमधून इंट्रॉन कापून गेलेले असतात, त्यामुळं एकच रीड जीनोमवर दोन लांबच्या ठिकाणी तुटून बसते. बीडब्ल्यूए अशी उडी घेत नाही, ते बिचारं अर्धी रीड बसवतं आणि उरलेली टोकाला लोंबकळत ठेवतं. त्यासाठी अशी उडी घेणारे प्रोग्राम, स्टार किंवा हायसॅट२, लागतील. स्टार तुझ्या ८ जीबीला झेपणार नाही, हायसॅट२ झेपेल, आणि तेही असंच मेक करून कंपाइल होतं.

सॅम्पल पाठवताना काय करून मागितलं होतं ते सरांना विचार आणि इथंच लिही. कंपाइल परत अडलं तर स्क्रीनशॉट नको, टी नं घेतलेली अख्खी फाइल टाक.