फणस : गळती, आठळी, चीक आणि लाकूड

प्रश्न : झाडाला बोटाएवढी फळे धरतात, काळी पडतात आणि गळतात. मोठे फळ एकही नाही. झाड तोडून टाकावे का?

कृपा करून तोडू नका. जे गळते आहे ते बहुधा फळ नाहीच, तो नर फुलोरा आहे. फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे येतात. नर फुलोरे लहान, बरेचसे कोवळ्या डहाळ्यांवर. त्यांच्यावर परागाची पिवळी भुकटी दिसते आणि पराग झडला की बुरशी चढून ते गळतात. मादी फुलोरा खोडावर किंवा जाड फांदीवर येतो, त्याचा देठ जाडजूड असतो आणि देठाच्या टोकाशी ठळक कडे दिसते. तरुण झाडाला सुरुवातीला नुसते नर फुलोरेच येणे नेहमीचे आहे. या एका गैरसमजापायी धडधाकट झाडावर कुऱ्हाड पडू नये, असे मला मनापासून वाटते.

कडे असलेला मादी फुलोराही काळा पडत असेल, तर मात्र तो रायझोपस बुरशीचा कुजवा असू शकतो. कुजलेली फळे झाडावर आणि बुंध्याशी ठेवू नका, दाट फांद्या विरळ करून हवा खेळती करा.

प्रश्न : आठळ्या वाळवून ठेवल्या होत्या. एकही उगवली नाही.

वाळवल्या म्हणूनच. फणसाचे बी सुकले की मरते. गऱ्यातून काढलेली आठळी धुऊन लगेच लावा. सोटमूळ दुखावलेले फणसाला सोसत नाही, म्हणून शक्य तर कायमच्या जागीच लावा, आणि ती जागा पाणी न साचणारी हवी. एक मात्र लक्षात घ्या : काप्या (घट्ट गऱ्यांच्या) फणसाची आठळी लावली म्हणून झाड कापाच निघेल असे नाही, बरकाही (मऊ गऱ्यांचा) निघू शकतो. हमखास तेच फळ हवे असेल तर कलम घ्या.

प्रश्न : हाताचा चीक निघतच नाही.

तो पाण्यात विरघळत नाही. आधी तेल चोळा, मग साबण लावा. फणस फोडण्यापूर्वीच हाताला आणि सुरीला तेल लावले तर ही वेळ येत नाही.

प्रश्न : वादळात जुना फणस पडला. लाकडाचे काय करता येईल?

सरपणात घालू नका! गाभ्याचे लाकूड ताजे असताना पिवळेधमक असते आणि वर्षे जातील तसे तपकिरी होत जाते. त्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचा फिका थर मात्र किडतो, तो काढून टाका. ओंडके लवकर चिरून घ्या, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत सावकाश सुकवा, टोकांना रंग किंवा मेण लावा, नाहीतर तडे जातात. दारे-खिडक्या, पेट्या, फर्निचर असे सगळे होते. तंजावरची वीणा आणि मृदंगमचे खोड याच लाकडातून घडते.

भुसाही टाकू नका. तो पाण्यात उकळला की पिवळा रंग उतरतो, तुरटीने तो सुती कापडावर धरतो. आग्नेय आशियातील बौद्ध भिक्षूंची वस्त्रे पूर्वापार या रंगात रंगवली जात आली आहेत.

प्रश्न : पाने शेळ्यांना चालतात का?

चालतात, आवडीने खातात. फक्त एकाच झाडाचा पाला सारखा ओरबाडू नका.