आधी कोड पकडा, लूप नंतर

रेडिओ सिग्नलमधल्या कोडशी आपला कोड जुळवणं, म्हणजे सिंक्रोनायझेशन, शिकायचंय? सीडीएमएचे (प्रत्येक सिग्नलला वेगळा कोड देणाऱ्या पद्धतीचे) जुने मोबाइल टॉवर आता नाहीत, म्हणून सुरुवात जीपीएसच्या सी/ए कोडवर (प्रत्येक उपग्रह पाठवतो त्या खुल्या कोडवर) करा. तत्त्व तेच. इंदूरला राजवाड्याजवळच्या गल्लीत आकाश चिंचोळं दिसतं, तेव्हा अँटेना थेट गच्चीवर ठेवा. स्पेक्ट्रममध्ये काहीच दिसणार नाही. घाबरू नका, सिग्नल नॉइजच्या खालीच असतो.

कोड 1023 चिपचा (चिप म्हणजे कोडमधला एक बिट), दर मिलिसेकंदाला पुन्हा येणारा. आपली कोडची प्रत सरकवत जुळणी तपासायची: अर्ध्या चिपच्या टप्प्याने 2046 जागा, आणि डॉप्लरसाठी (उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकासाठी) ±5 किलोहर्ट्झ, 500 हर्ट्झच्या पावलांनी 21. जुळलं तिथे शिखर दिसतं. एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी झटपट काढणारं गणित) वापरलंत तर एका फ्रिक्वेन्सीच्या सगळ्या कोड-जागा एकदम तपासल्या जातात.

नवे लोक हमखास अडकतात ते इथे:

- स्वस्त डाँगलचा (यूएसबीला लावायच्या रेडिओ रिसीव्हरचा) क्रिस्टल 20 पीपीएम (दहा लाखांत 20 भाग) चुकला, की 1575.42 मेगाहर्ट्झवर साधारण 31 किलोहर्ट्झचा फरक! कोड बरोबर असूनही शिखर मिळत नाही. टीसीएक्सओवालाच (तापमान बदललं तरी स्थिर राहणाऱ्या क्रिस्टलचा) घ्या.
- ॲक्टिव्ह अँटेनाला बायस-टी (केबलमधूनच अँटेनाला वीज देणारी सोय) सुरू न करणं.
- एकाच मिलिसेकंदावर निकाल लावणं. दहा मिलिसेकंदांच्या निकालांचे वर्ग बेरजेत घ्या. शिखर त्याच जागी राहिलं तरच खरं माना.

ट्रॅकिंग लूपला (सापडलेला सिग्नल सतत धरून ठेवणाऱ्या भागाला) इतक्यात हात लावू नका. चार उपग्रह नीट सापडले की विचारा.