'अ का उ कू' आणि आपला ओनामा

प्रश्न असा आला आहे: "कॅमेरूनमधल्या बामुम भाषेला स्वतःची वर्णमाला आहे, असे वाचले. तिच्यात स्वर किती, व्यंजने किती? आणि तिला 'अ का उ कू' का म्हणतात?"

आधी ते 'वर्णमाला' काढून टाका. दिसेल त्या लिपीला हा शब्द चिकटवण्याची साथच आली आहे, आणि कोशकारही त्यातून सुटलेले नाहीत. वर्ण म्हणजे सुटा ध्वनी. बामुम लिपीत एक चिन्ह म्हणजे अख्खे अक्षर: 'का'चे एक, 'कू'चे दुसरे. तेव्हा अक्षरमाला म्हणा. बाराखडी म्हणूनही भागणार नाही. आपल्या 'का, की, कू'मध्ये 'क' डोळ्यांना दिसतो; तिथे 'का' आणि 'कू' यांच्या आकारात असे ठरलेले नाते नाही. म्हणून त्या लिपीत स्वर-व्यंजने मोजत बसण्यात अर्थ नाही. (बाराखडीतली 'खडी' फळ्यावरची नव्हे. ती 'द्वादशाक्षरी'तली अक्षरी आहे. हेही दर वेळी सांगावे लागते.)

भाषेचे नाव बोलणाऱ्यांच्या तोंडी 'शूपामोम', म्हणजे बामुमांची भाषा. याच्याशी 'शूमोम'ची गल्लत करू नका. ती राजाने दरबारासाठी मुद्दाम घडवलेली वेगळी भाषा. राजाचे नाव न्जोया, गादी फुम्बानला. आपल्याकडचे वक्ते त्याचा खुशाल 'एन्जोया' करतात. अहो, 'न्ज' हा तिथे शब्दाच्या सुरुवातीला बिनतक्रार येणारा एकसंध ध्वनी आहे. 'अंजली'तला 'अ' गिळा आणि उरलेले म्हणा, झाले. लिपीतही अशी अक्षरे भरपूर आहेत: न्शा, न्दा, न्जे. शिवाय भाषा सुरांची आहे, चढ-उतार बदलला की शब्द बदलतो.

आता नावाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. न्जोयाने 1896च्या सुमारास लिपीला हात घातला. त्याला स्वप्न पडले, त्यात पाटीवर हात काढून, तो धुऊन ते पाणी प्यायला सांगितले, अशी कथा सांगतात. मग त्याने लोकांकडून वस्तूंची चित्रे नि नावे मागवली. पहिल्या आवृत्तीत पाचशेच्या आसपास चिन्हे होती. तिचे नाव 'लेवा', म्हणजे पुस्तक. पुढे चित्राचा अर्थ सुटत गेला आणि उच्चार तेवढा उरला. चिन्हे घटत घटत पुढच्या आवृत्त्यांत 80वर आली. हीच 'अ का उ कू'. तरीही तिला 'चित्रलिपी' म्हणणारे विद्वान आहेत. त्यांनी पहिलेच पान पाहून पुस्तक मिटलेले दिसते.

'अ, का, उ, कू' ही तिची पहिली चार अक्षरे, एवढेच त्या नावाचे गूढ. आधीच्या एका आवृत्तीचे नावही असेच, 'री न्यी न्शा म्फू'. आणि आपण काय केले? पोराच्या हातात पाटी देऊन पूर्वी 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घेत. त्याचे 'ओनामासीधं' झाले, झिजून 'ओनामा' उरला, आणि आज कारखान्याचाही ओनामा होतो! ते वाक्य मूळ जैनांचे की वैयाकरणांचे, यावर भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावे. माझ्या मते प्रश्न पंथाचा नाहीच, घोकंपट्टीचा आहे. अशी नावे पंडित देत नाहीत, वर्गात एका सुरात ओरडणारी पोरे देतात. न्जोयाने राज्यात शाळा काढून ही लिपी शिकवली होती. तेव्हा 'अ का उ कू' हे नाव राजाने विचार करून ठेवलेले नसून ओसरीवरून ऐकू आलेले असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. पुरावा मागाल तर 'अल्फा-बीटा'ही याच जातीचे आहे म्हणतो.

अक्षराच्या डोक्यावर देण्याच्या दोन खुणाही आहेत. 'कोक्न्दोन' बहुधा अक्षराच्या शेवटी घसा क्षणभर बंद करायला लावते. 'तुक्वेन्तिस' मोजक्याच अक्षरांवर येते आणि बऱ्याचदा स्वर उडवून व्यंजन ठेवते. आपण पाय मोडतो ते काम तिथे डोक्यावरून होते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, 2009 साली ही लिपी आली तेव्हा 80 चिन्हे, या दोन खुणा आणि विरामादी 6 चिन्हे, अशी 88ची बेरीज झाली. जुन्या आवृत्त्यांतली चिन्हे पुढच्या वर्षी वेगळ्या कप्प्यात गेली.

त्या 80मधली शेवटची 10 अक्षरे दुहेरी नोकरी करतात: अक्षर म्हणूनही चालतात, अंक म्हणूनही. मो, म्बा, तेत म्हणजे एक, दोन, तीन. दहावे 'कोघोम'. शब्दाचा अर्थ दहा, पण अंकांच्या रांगेत आज ते शून्य आहे.