शब्दचर्चा : ‘जॉइन द क्लब’ आणि घरोघरच्या मातीच्या चुली

जळगावच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या कॉलनीतल्या काही जणी जमून इंग्रजी बोलायचा सराव करतात. एकीने सांगितलं, की मुलगा दहावीला आहे आणि पुस्तकाला हात लावत नाही. त्यावर दुसरी म्हणाली, ‘जॉइन द क्लब!’ पहिलीला वाटलं, कुठल्या तरी क्लबात नाव घालायला सांगते आहे. ताई विचारतात, या बोलण्याचा नेमका अर्थ काय, मराठीत त्याला काय म्हणायचं, आणि ऑफिसात आपण ‘हे दोन अर्ज क्लब करा’ म्हणतो तेही याच घरातलं का?

अर्थ असा : ‘माझीही तीच गत आहे, आणि आपल्यासारखे पुष्कळ आहेत.’ खरा क्लब कुठेच नसतो. ज्यांचं रडगाणं एकच, अशांचा एक गट बोलणारा मनाशी धरतो आणि त्यात समोरच्याला जागा करून देतो. वाक्य आज्ञार्थी दिसतं म्हणून शिकणारा अडखळतो. त्याला ‘ओके, आय विल जॉइन’ असं उत्तर देत नाहीत. ‘ओह, यू टू?’ एवढं पुरतं, आणि गप्पा पुढे सरकतात.

‘वेलकम टू द क्लब’ हे त्याचंच भावंड. समोरचा त्या अवस्थेत नुकताच आला असेल तर ते जास्त शोभतं. चाळिशी लागली, पहिल्यांदा चष्मा लागला, घराचा पहिला हप्ता गेला, अशा वेळी.

या वाक्प्रचाराची एक सोय शिकणाऱ्यांनी जरूर ओळखावी. ‘आय डोन्ट अंडरस्टँड धिस फॉर्म’ असं कुणी म्हटलं की आपल्या तोंडून पटकन ‘मी टू’ निघतं. नकारार्थी वाक्यानंतर ते चालत नाही; तिथे ‘मी नीदर’ किंवा ‘नीदर डू आय’ हवं. होकारार्थीला ‘सो डू आय’. ‘जॉइन द क्लब’ला ही भानगडच नाही, आधीचं वाक्य होकारार्थी असो की नकारार्थी. म्हणून सरावाच्या गटात हा वाक्प्रचार लवकर शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र वजन ओळखून वापरायचा. तो हलक्या कुरबुरीसाठी आहे : झोप होत नाही, गुडघे दुखतात, बस वेळेवर येत नाही. रावेर-यावलकडे वादळात एखाद्याची केळीची बाग आडवी झाली असेल, तर त्याला ‘जॉइन द क्लब’ म्हणू नये, आपलीही बाग गेली असली तरी म्हणू नये. कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तिथे तर नाहीच. अशा वेळी ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणावं आणि ऐकून घ्यावं.

आता मराठी. पहिली आठवते ती ‘घरोघरी मातीच्या चुली’. जवळची आहे, पण एक फरक फार महत्त्वाचा. मातीच्या चुली कुणीही म्हणू शकतो. ज्याची मुलं शिकून मार्गी लागली अशी आजीही ते म्हणेल. ‘जॉइन द क्लब’ म्हणायला बोलणाऱ्याच्या अंगावर तेच दुखणं हवं. मुलगा अभ्यासू असलेल्या बाईने ते म्हटलं तर बोलणं फसतं. म्हणूनच मी रोजच्या बोलण्यात ‘माझंही तेच’, ‘आमच्याकडेही तीच तऱ्हा’ यांना जास्त जवळचं मानतो. अहिराणीत तर ‘मन्हं बी तसंच शे’ एवढ्यात सगळं आलं. त्यात जो आपलेपणाचा सूर आहे, तोच त्या इंग्रजी बोलण्यात आहे.

‘एकाच माळेचे मणी’ मात्र इथे वापरू नका. त्यात दोष काढण्याचा सूर आहे. त्याला ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ बरं पडतं. आणि ‘इन द सेम बोट’ वेगळं आहे. कापसाचा भाव पडला की खान्देशातले सगळे कापूसवाले ‘इन द सेम बोट’ असतात. एकच संकट, सगळ्यांवर एकदम. ‘जॉइन द क्लब’मध्ये ज्याचं त्याचं दुखणं स्वतंत्र असतं, फक्त सारखं असतं.

शब्दाचा उगम ऐकण्यासारखा आहे. ‘क्लब’ इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून, अर्थ जाड डोक्याचा सोटा. गोल्फच्या काठीला अजून क्लबच म्हणतात. पत्त्यांतल्या किलवरलाही इंग्रजीत क्लब म्हणतात. चित्र पाहावं तर तीन पानांच्या गवताचं! चित्र फ्रेंच पत्त्यांतलं आणि नाव स्पॅनिश-इटालियन पत्त्यांतल्या सोट्याचं, अशी ती जोडणी आहे. सोट्याच्या डोक्यासारखा गोळा होणं, यावरून एकत्र येणं हा अर्थ निघाला असं मानतात. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या गुत्त्यांत बसणारे लोक खर्च मिळून भागवू लागले, त्याला क्लब करणं म्हणत. मग त्या मंडळींनाच क्लब म्हणू लागले. आपल्या ‘मंडळ’ शब्दाची वाट मला याच्या शेजारून जाणारी दिसते. मंडळ म्हणजे मुळात वर्तुळ. भोवती बसलेली माणसं ती मंडळी. आणि मग धुळ्याचं 1927 सालचं राजवाडे संशोधन मंडळ असो की गल्लीतलं गणेश मंडळ, संस्थेच्या नावात तो शब्द येऊन बसला. (भुसावळसारख्या रेल्वेच्या गावांत क्लबला ‘इन्स्टिट्यूट’ म्हणायची जुनी रीत आहे, तेही लक्षात असू द्या.)

पैसे एकत्र करण्याचा तो जुना अर्थ ‘क्लब टुगेदर’मध्ये टिकला आहे. थंडीत शेतावर भरीत पार्टी ठरते, कुणी वांगी आणतं, कुणी कळण्याच्या पुऱ्यांचं बघतं, उरलेल्या खर्चाला सगळे वर्गणी काढतात : ‘वी क्लब्ड टुगेदर फॉर द पार्टी.’ ब्रिटिश इंग्रजीत हे चालतं. अमेरिकन माणूस ‘वी ऑल चिप्ड इन’ म्हणेल. कॉलेजची पोरं ‘कॉन्ट्री काढली’ म्हणतात, तेच. हॉटेलात ज्याने त्याने आपापलं बिल द्यायचं, ते ‘गोइंग डच’. आपलं टीटीएमएम, तू तुझं मी माझं.

राहिला ऑफिसातला क्लब. तोही याच घरातला. ‘दोन अर्ज क्लब करा’, ‘दोन तुकड्या क्लब केल्या’ हे भारतीय इंग्रजीत पक्कं रुळलेलं आहे. आयकरात अल्पवयीन मुलाचं उत्पन्न आईच्या किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरतात, त्यालाही आपण क्लबिंगच म्हणतो. इथे ते चूक मानायचं कारण नाही. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘कम्बाइन’ किंवा ‘मर्ज’ म्हणा, कारण तिकडे ‘क्लबिंग’ म्हणजे रात्री नाचगाण्याच्या क्लबात जाणं. शिवाय ब्रिटिश बोलीत ‘शी इज इन द क्लब’ म्हणजे ती गरोदर आहे. मैत्रिणीचं सभासदत्व सांगायचं असेल तर ‘शी इज अ मेंबर ऑफ अवर क्लब’ हे पूर्ण वाक्य बरं.