क्राउडसोर्सिंगमध्ये करिअर होतं का?

तुझं पत्र वाचलं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, स्टॅटिस्टिक्स आवडतं, रात्री जागून गॅलेक्सी झू या वेबसाइटवर आकाशगंगांचे फोटो ओळखत बसतोस, आणि घरचे म्हणतात हा सगळा टाइमपास, यातून नोकरी लागणारे का. क्राउडसोर्सिंगचा, म्हणजे एकच काम हजारो लोकांकडून थोडं थोडं करून घेण्याचा, कोर्स कुठे असतो, असं विचारलंयस.

याच नावाची डिग्री शोधत बसू नकोस. आणि नुसतं फोटोवर क्लिक करणं हे करिअर नाही, त्यात घरच्यांचं बरोबर आहे. खरं काम पलीकडच्या बाजूला आहे, प्रश्न कसा मांडायचा आणि हजारो लोकांच्या उलटसुलट उत्तरांतून भरवशाचं एक उत्तर कसं काढायचं हे जे ठरवतात ना, त्यांचं.

तुझ्या गॅलेक्सी झूचंच बघ, 2007 ला सुरू झालं, एकच फोटो कितीतरी जणांना दाखवतात. आकाशगंगा कुठल्या दिशेने फिरते हेही विचारलं होतं, आणि दोन्ही दिशांच्या साधारण सारख्याच निघायला हव्यात ना, तर निकालात घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या आकाशगंगा जास्त निघाल्या. मग टीमने काही फोटो आरशात दिसतात तसे फिरवून परत लोकांना दिले, आता तरी कल पालटायला हवा ना, पण परत उलट फिरणाऱ्याच जास्त! म्हणजे गडबड माणसांच्या बघण्यातच होती. ही तपासणी ज्याला सुचली त्याचं डोकं मला फार आवडतं, तुला तिथे पोचायचंय.

दुसरं, 2009 मध्ये अमेरिकेत डार्पाने, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, 10 लाल फुगे देशभर ठिकठिकाणी बांधून ठेवले आणि शोधा म्हटलं. एमआयटीच्या टीमने 9 तासांच्या आत सगळे शोधले, कारण त्यांनी जाहीर केलं होतं, फुगा सापडणाऱ्याला 2000 डॉलर, त्याला सामील करून घेणाऱ्याला 1000, त्या सामील करणाऱ्याला ज्याने आणलं त्याला 500, त्यामुळे जो तो दुसऱ्याला सांगत सुटला. हे सगळं इकॉनॉमिक्स आहे बरं का.

म्हणून स्टॅटिस्टिक्स अजिबात सोडू नकोस, सॅम्पलिंग आणि बेझियन (नवा पुरावा आला की अंदाज सुधारत नेण्याची पद्धत) पक्कं कर, पायथन शिक, जोडीला सायकॉलॉजी किंवा इकॉनॉमिक्सचा एखादा पेपर घे. पुढे डेटा क्वालिटी, यूएक्स रिसर्च (लोक अॅप-वेबसाइट कसं वापरतात याचा अभ्यास), सिटिझन सायन्स (सामान्य लोकांच्या मदतीने होणारं संशोधन), सगळीकडे हे लागतं.

आणि सुट्टीत एक कर, 100 फोटो घे, वर्गातल्या 20-25 जणांना एकमेकांशी न बोलता ओळखायला लाव, मग साधं बहुमत घेतलं तर किती बरोबर येतं आणि नेहमी बरोबर सांगणाऱ्यांच्या मताला जास्त वजन दिलं तर किती, ते मोजून नीट लिहून काढ. घरी आधी तेच दाखव, इंटरव्ह्यूलाही तेच चालेल. झालं की मलाही पाठव, मी वाचून कळवते.